मेषेचा पहिला द्रेष्काण

बोलोन्याहून व्हेनिसकडे जाणारी आगगाडी अर्ध्या तासात फेरारा स्टेशनात थांबते. आपल्याकडचे प्रवासी सहसा तिथे उतरत नाहीत. रोम, फ्लॉरेन्स, पिसाचा मनोरा आणि व्हेनिस अशी आठ दिवसांची आखणी असते आणि तीत फेराराला जागा नसते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी तिथे उतरलो तो एका माणसाला भेटायला. हा माणूस साडेपाचशे वर्षे एका भिंतीवर उभा आहे. रंगाने काळा, अंगात फाटका पांढरा अंगरखा, कमरेला दोर आणि दोराचे टोक हातात. चौदा वर्षांपूर्वी मी त्याच्यावर एक लेख लिहिला होता, त्याला न पाहता, केवळ पुस्तकांतल्या छायाचित्रांवरून. त्या लेखाला बरी दाद मिळाली, दोन ठिकाणी व्याख्यानेही झाली. लेख मात्र चुकला होता. तपशील बहुतेक बरोबर होते. चुकला होता तो त्याचा सूर. ही दुरुस्ती फार पूर्वीच करायला हवी होती. पण भिंत पाहिल्याखेरीज लिहायचे नाही असे ठरवले होते आणि इटलीचे तिकीट काढायला निमित्त लागते. पुतणी बोलोन्यात शिकायला गेली तेव्हा ते मिळाले.

ज्या वाड्यात ही भिंत आहे त्याचे नाव पालात्झो स्किफानोइया. नावाची फोड सोपी आहे : ‘स्किवार ला नोइया’, म्हणजे कंटाळा चुकवणे. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे नाव ठेवणाऱ्याला हे नाव लगेच पटले असते. फेरारावर राज्य करणाऱ्या एस्ते घराण्यातल्या आल्बेर्तोने १३८५ साली शहराच्या कडेला मौजमजेसाठी हे घर बांधायला घेतले. पुढे बोर्सो देस्ते याने १४६५ नंतरच्या चार-पाच वर्षांत त्याच्यावर मजला चढवला. बाहेरून पाहिले तर लांबलचक विटांची भिंत, मधोमध संगमरवरी दरवाजा आणि त्याच्या माथ्यावर बोर्सोचे चिन्ह असलेला एकशिंगी घोडा. बस्स. दिल्ली-आग्र्याचे राजवाडे पाहिलेल्या माणसाला हा महाल वाटणारच नाही. पुतणी म्हणाली, “काका, तुम्ही एवढ्या लांबून ही शाळेची इमारत बघायला आलात?”

१५९८ मध्ये फेरारा पोपच्या ताब्यात गेले, एस्ते मंडळी मोडेनाला निघून गेली आणि वाड्याचे दिवस फिरले. अठराव्या शतकात इथे तंबाखूचा कारखाना होता. वरच्या मोठ्या दालनातल्या चित्रांवर चुन्याचे हात बसले होते. १८२० च्या सुमारास त्या चुन्याखाली रंग असल्याचे लक्षात आले आणि पुढच्या वीस वर्षांत चित्रे हळूहळू मोकळी झाली. २०१२ साली त्या प्रांतात मोठे भूकंप झाले, तेव्हा वाड्याची पुन्हा डागडुजी करावी लागली. आज तिकीट काढून आत जाता येते. आम्ही गेलो त्या दिवशी दालनात आमच्याखेरीज शाळेतल्या मुलांचा एक घोळका आणि एक पेंगुळलेला रखवालदार एवढेच लोक होते.

दालनाला ‘महिन्यांचे दालन’ म्हणतात. सुमारे २४ मीटर लांब आणि ११ मीटर रुंद. चारही भिंतींवर मिळून वर्षाचे बारा महिने रंगवले होते. त्यांपैकी मार्च ते सप्टेंबर हे सात शिल्लक आहेत : पूर्वेच्या भिंतीवर तीन, उत्तरेच्या भिंतीवर चार. महिने उजवीकडून डावीकडे वाचायचे. प्रत्येक महिन्याचे तीन आडवे पट्टे आहेत. वरच्या पट्ट्यात एकेका रोमन देवतेची रथयात्रा. खालच्या पट्ट्यात बोर्सो आणि त्याचा दरबार, शिकारीला निघालेला, अर्ज ऐकणारा, विदूषकाच्या हातावर नाणे ठेवणारा. मागे शेतावर त्या त्या महिन्याची कामे चाललेली. मधला पट्टा अरुंद आणि गडद निळा. त्यात त्या महिन्याची रास आणि तिच्याभोवती तीन-तीन माणसे, जी ना देवांत बसतात ना दरबारात.

पाहणारा साहजिकच वर आणि खाली पाहतो, कारण तिथे गंमत आहे. एप्रिलच्या वरच्या भागात शुक्राची देवता व्हीनस हंसांनी ओढलेल्या नावेतून चालली आहे, तिच्यापुढे युद्धदेव मार्स साखळीने बांधलेला, गुडघे टेकून बसलेला आहे, काठावर तरुण-तरुणींची सलगी चालली आहे आणि गवतात ससे. त्याच महिन्याच्या खालच्या भागात गावची शर्यत. घोडे धावताहेत, गाढवे धावताहेत, माणसेही धावताहेत आणि वर गॅलरीतून बायका बघताहेत. आपल्याकडच्या जत्रेतल्या बैलगाडा शर्यतीला जो चेहरा असतो तोच इथल्या बघ्यांना आहे. शाळेची मुले त्या गाढवांपुढून हलत नव्हती.

मधल्या पट्ट्याकडे कोणी पाहत नव्हते. दोनशे वर्षांपूर्वी चित्रे उजेडात आली तेव्हाही त्या पट्ट्यातली माणसे कोण हे कोणाला सांगता येत नव्हते. मार्चच्या पट्ट्यात मेंढा आहे, म्हणजे मेष रास. मेंढ्याजवळ तिघे. एक तो काळा, दोरवाला. दुसरी लाल वस्त्रातली स्त्री, जिचा एकच पाय दिसतो. तिसरा नटवा तरुण, एका हातात बाण, दुसऱ्यात मोठे कडे. हे कोण?

याचे उत्तर १९१२ च्या ऑक्टोबरमध्ये रोमला भरलेल्या कलेतिहासाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आबी वारबुर्ग या जर्मन विद्वानाने दिले. वारबुर्ग हँबर्गच्या सावकारी पेढीचा थोरला वारस. तेराव्या वर्षी त्याने धाकट्या भावाला म्हटले की पेढी तू घे, मी मागेन ती पुस्तके मात्र मला आयुष्यभर घेऊन द्यायची. भावाने हो म्हटले आणि पुढे हसत हसत सांगितले की आपण सही केलेला हा सर्वांत मोठा कोरा धनादेश. पुस्तकांसाठी उधारी केलेल्या माझ्यासारख्याला हा किस्सा दर वेळी नव्याने हेवा वाटायला लावतो. त्या पुस्तकांचे ग्रंथालय १९३३ मध्ये नाझींच्या भीतीने हँबर्गहून बोटींतून लंडनला नेले गेले. ते आजही तिथे आहे.

वारबुर्गला किल्ली सापडली ती फ्रांत्स बोल याच्या ‘स्फेरा’ या १९०३ च्या ग्रंथात. ताऱ्यांच्या जुन्या वर्णनांचा हा ग्रंथ. त्यात अबू मअशर या नवव्या शतकातल्या ज्योतिष्याचा उतारा भाषांतरासह छापला होता. अबू मअशर मूळचा बल्खचा, नांदला बगदादला. त्याने प्रत्येक राशीच्या तीन-तीन भागांत कोणत्या आकृती उगवतात हे तीन मतांनुसार दिले आहे. त्यांतले एक मत ‘हिंदी लोकांचे’. हिंदी लोक म्हणतात, असे तो लिहितो, की मेषेच्या पहिल्या भागात एक काळा माणूस उगवतो. डोळे लाल, देह दणकट, मन मोठे. अंगात पांढरे वस्त्र, मध्ये दोराने बांधलेले. तो रागीट आहे, ताठ उभा आहे आणि राखण करतो आहे. दुसऱ्या भागात लाल वस्त्रे घातलेली, एका पायाची स्त्री. तिसऱ्यात हातात लाकडी कडे आणि काठी घेतलेला पुरुष. वारबुर्गने हा उतारा फेराराच्या भिंतीशेजारी ठेवला आणि तिघेही ओळखू आले.

ज्याच्या घरात पत्रिका पाहिल्या जात त्याला राशीचे तीन भाग म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. रास ३० अंशांची, तिचे दहा-दहा अंशांचे तीन तुकडे, प्रत्येक तुकडा म्हणजे एक द्रेष्काण. बारा राशींचे ३६. माझे आजोबा मिरजेला पंचांग सांगत. भावंडांविषयी प्रश्न आला की ते द्रेष्काण कुंडली मांडत. त्यांच्या ट्रंकेत वराहमिहिराचे बृहज्जातक मराठी अर्थासह होते, पाने सुटलेले, मधे मधे त्यांच्या हातच्या पेन्सिलीच्या खुणा. ज्योतिषावर माझा विश्वास नाही. ती ट्रंक मात्र मी टाकली नाही. बृहज्जातकात शेवटाकडे एक अध्याय नुसत्या द्रेष्काणांच्या रूपांचा आहे. मेषेचा पहिला द्रेष्काण : कमरेला पांढरे वस्त्र गुंडाळलेला, काळा, रक्षण करायला समर्थ असल्यासारखा, भयंकर, लाल डोळ्यांचा आणि परशू उगारलेला पुरुष.

वारबुर्गने अबू मअशरच्या मागे जाऊन हा दुवाही दाखवला होता. वराहमिहिर सहाव्या शतकातला, उज्जैनचा. म्हणजे उज्जैनच्या ज्योतिष्याने सांगितलेला माणूस बगदादमार्गे इटलीतल्या एका सरदाराच्या वाड्यात जाऊन उभा राहिला. मी लेख लिहिला तो इथवर येऊन. शीर्षकात ‘आपला वराहमिहिर’ असे शब्द होते. शेवटच्या परिच्छेदात युरोपच्या प्रबोधनाने भारताचे ऋण मान्य केले नाही अशी तक्रारही होती. टाळ्या त्या परिच्छेदाला पडत.

आता चूक सांगतो. ज्या पानावर मेषेचा पहिला द्रेष्काण आहे, त्याच पानावर दुसराही आहे. लाल वस्त्रे ल्यालेली, दागिन्यांत आणि खाण्यात जीव असलेली, घड्यासारख्या आकाराची, घोडतोंडी, तहानलेली, एका पायाची स्त्री. आणि त्याच श्लोकाच्या शेवटी वराहमिहिर स्वच्छ सांगतो की हे रूप यवनांनी सांगितलेले आहे. यवन म्हणजे ग्रीक. आजोबांनी त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. मी ते पान कितीदा वाचले असेन आणि लेखासाठी त्यातला पहिला श्लोक घेऊन दुसरा सोडून दिला. मुद्दाम सोडला असे म्हणवत नाही. पण ज्याला पाहायचे नसते त्याला रेघ मारलेलेही दिसत नाही, एवढे खरे.

मग मागे जायला लागलो. ‘द्रेष्काण’ हा शब्दच ग्रीक ‘देकानोस’वरून आला आहे, ‘देका’ म्हणजे दहा. ग्रीकांनीही कल्पना घेतली इजिप्तकडून. तिथे दर दहा दिवसांनी पहाटे उगवणारे ३६ तारकासमूह ठरलेले होते आणि त्यांच्यावरून रात्रीचा वेळ मोजत. मेलेल्या माणसालाही वेळ कळावी म्हणून शवपेट्यांच्या झाकणांच्या आतल्या बाजूला त्यांचे तक्ते रंगवत. तर आमच्या भावंडांची संख्या सांगणारा द्रेष्काण मुळात इजिप्तच्या पुरोहिताचे रात्रीचे घड्याळ. बृहज्जातकात असे शब्द भरलेले आहेत. होरा, केंद्र, पणफर, आपोक्लिम ही सगळी ग्रीक नावे. लग्नाच्या बोलण्यात जो ‘जामित्र’ दोष निघतो तो ग्रीक ‘दियामेत्रोन’, म्हणजे व्यास. लग्नाच्या समोरचे घर. राशींचीही ग्रीक नावे वराहमिहिर देतो : क्रिय, ताबुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक. आणि ‘केंद्र’ हा शब्द तर आपण परीक्षा केंद्रापासून केंद्र सरकारपर्यंत वापरतो आणि तो ‘केंत्रोन’ आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात या यावनी शब्दांचा प्रश्न घेतलेला आहे. मराठीत, सव्वाशे वर्षांपूर्वी. मला तो शोधायला लंडन-हँबर्गला जायची गरज नव्हती.

वराहमिहिराला स्वतःला यात कमीपणा वाटत नव्हता. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे चांगले नांदते, म्हणून त्यांचाही ऋषींसारखा मान होतो, असे जुने मत त्याने बृहत्संहितेत नोंदवले आहे. डेव्हिड पिंग्री या अमेरिकन अभ्यासकाने १९७८ मध्ये स्फुजिध्वजाचे ‘यवनजातक’ संपादून प्रसिद्ध केले. ग्रीक ज्योतिष संस्कृतात कसे उतरले याचा हा आपल्याला उपलब्ध असलेला मोठा पुरावा. त्याच्या काळाविषयी पिंग्रीने काढलेले निष्कर्ष अलीकडे वादात सापडले आहेत, पण वराहमिहिराच्या आधीच ग्रीक द्रेष्काण इथे रुजले होते यात वाद नाही. आणि यवन लोक काही फार लांब नव्हते. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दानाचे लेख आहेत, त्यांत धेनुकाकटचे यवन आहेत. जुन्नरच्या लेण्यांतही यवन दाते आहेत. त्यांच्यापैकी कोणी पत्रिका मांडत होते असे मी म्हणत नाही. लोणावळ्याच्या सहलीत आपण ज्या खांबाला टेकून फोटो काढतो तो एखाद्या यवनाच्या पैशाचा असू शकतो, एवढेच.

मग ग्रीकांनी पाठवले काय आणि आपण परत पाठवले काय? इथे तो परशू कामाला येतो. वारबुर्गच्या मते या काळ्या माणसाच्या मुळाशी पर्सियस आहे. पर्सियस हा मेषेच्या जोडीने उगवणारा तारकासमूह, मराठी नकाशांत ज्याला ययाती म्हणतात तो. ग्रीक वीर पर्सियसच्या हातात वाकडी तलवार असते. रोममध्ये १७०५ साली सापडलेल्या एका संगमरवरी खगोलपटावर मेषेच्या पहिल्या द्रेष्काणाच्या हातात कुऱ्हाड आहे. भारतात तो काळा झाला, लाल डोळ्यांचा झाला, कुऱ्हाड राहिली. बगदादला डोळे राहिले, पांढरे वस्त्र राहिले, कुऱ्हाड गेली आणि दोर आला. अबू मअशरचे हे द्रेष्काण बाराव्या शतकात स्पेनचा ज्यू विद्वान इब्न एझ्रा याने हिब्रूत उतरवले. हिब्रूवरून १२७३ मध्ये फ्रेंच झाले. १२९३ मध्ये पिएत्रो दाबानो याने त्यांचे लॅटिन केले. लॅटिनवरून फेराराची भिंत. प्रत्येक भाषांतरकाराने काहीतरी सांडले, काहीतरी घातले. घोडतोंडी बाई फेराराला पोचेपर्यंत चांगली देखणी झाली. तिचा एक पाय तेवढा टिकला, कारण चित्रकाराने पदर उचलून एकच पाय दाखवण्याची युक्ती केली. काळ्याच्या हातात शस्त्र नसल्यामुळे त्याने काय करावे हे चित्रकाराला सुचले नसावे, म्हणून त्याने त्याच्या हातात कमरेच्या दोराचेच टोक दिले.

पर्सियसचा शेवटचा दुवा मला थोडा ओढलेला वाटतो. वारबुर्गला प्रत्येक वेषांतराखाली एक ग्रीक हवा होता, जसा मला एक भारतीय हवा होता. पण त्याच व्याख्यानाच्या शेवटी त्याने म्हटले आहे की चित्रातले कोडे सोडवणे हा काही आपला उद्देश नव्हता. सीमेवरच्या पहारेकऱ्यांना न जुमानता चित्रे कशी प्रवास करतात हे त्याला पाहायचे होते. मी त्याच्याकडून कोडे घेतले आणि हे वाक्य सोडले. ही दुसरी रेघ.

भिंतीसमोर उभे राहिल्यावर एक गोष्ट कळली जी छायाचित्रांत कळत नाही. छायाचित्रे पट्टा कापून दाखवतात. प्रत्यक्षात काळा माणूस दोन वेगळ्याच जगांच्या मधे उभा आहे आणि त्या दोन्ही जगांना त्याची माहिती नाही. त्याच्या वर मिनर्व्हा, विद्येची देवी, एकशिंगी घोड्यांच्या रथात. रथाच्या एका बाजूला पंडितांचा घोळका, दुसऱ्या बाजूला मागावर विणणाऱ्या स्त्रिया. आजोबा म्हणाले असते, मेषेचा स्वामी मंगळ, ही बाई इथे कशी? ती आली मानिलिउस या रोमन कवीच्या ग्रंथातून, ज्याने राशी ग्रहांऐवजी बारा देवतांना वाटून दिल्या होत्या. त्या ग्रंथाची विसरलेली हस्तलिखित प्रत १४१७ मध्ये पोज्जो ब्राच्चोलिनीने शोधून काढली. म्हणजे वरचा पट्टा त्या काळचे अगदी ताजे संशोधन आणि मधला पट्टा हजार वर्षे हातोहात आलेली ऐकीव परंपरा. दोन्ही एकावर एक. ही मांडणी बहुधा दरबारचा ग्रंथपाल आणि ज्योतिषी पेल्लेग्रिनो प्रिशानी याची. त्याने अबू मअशर आणि दाबानो यांचे दाखले दिलेले एक पत्र वारबुर्गला मोडेनाच्या दप्तरखान्यात सापडले होते.

आणि खाली बोर्सो. मार्चच्या खालच्या पट्ट्यात तो कमानीखाली उभा राहून रयतेची गाऱ्हाणी ऐकतो आहे. कमानीवर लॅटिन अक्षरांत ‘न्याय’ असे कोरल्यासारखे लिहिले आहे. शेजारच्या खोलीत दोमेनिको दि पारिस याने चुन्याच्या गचकामात सद्गुणांच्या मूर्ती घडवल्या आहेत : श्रद्धा, आशा, दया, विवेक, धैर्य, संयम. सातवा सद्गुण न्याय तिथे नाही. अभ्यासक सांगतात की तो गाळला नाही. न्याय म्हणजे खुद्द बोर्सो, वेगळी मूर्ती कशाला?

आता त्या कमानीवर ‘न्याय’ हे अक्षर ज्याने काढले त्याची गोष्ट. २५ मार्च १४७० या तारखेचे एक पत्र आहे. लिहिणारा फ्रान्चेस्को देल कोस्सा, लिहिले आहे सरळ बोर्सोला. तो म्हणतो की बाहेरच्या खोलीकडचे तिन्ही भाग मी एकट्याने रंगवले. चौरस फुटाला दहा बोलोनिनी हा दर सगळ्या चित्रकारांना सरसकट लावला आहे. फेरारातल्या सर्वांत हलक्या उमेदवार कारागिराच्या पंगतीला मला बसवले आहे. माझे आता थोडे नाव होऊ लागले आहे. मी सोने आणि चांगले रंग वापरले. आणि जवळजवळ सगळे काम ओल्या गिलाव्यावर केले आहे, जे कठीण आणि वरच्या दर्जाचे काम असते. प्रिशानी वगैरे मंडळींना त्रास नको म्हणून आपल्यालाच लिहितो. सगळे घोडे बारा टक्के, ही तक्रार दिवाळी अंकाच्या लेखकाला समजावून सांगावी लागत नाही. पत्रावर दरबारी शेरा पडला, लॅटिनमध्ये, एका वाक्याचा : ठरलेल्या दरावर समाधान मानावे.

मनात आले म्हणून हिशेब केला. तेव्हाच्या जुन्या पंचांगात विषुवदिन ११ मार्चच्या आसपास पडत असे. म्हणजे पत्राच्या दिवशी सूर्य मेषेच्या चौदाव्या अंशाजवळ, दुसऱ्या द्रेष्काणात, त्या एका पायाच्या लाल बाईच्या घरात. हे सायन गणित. आजोबांच्या निरयन पंचांगाप्रमाणे तो अजून मीनेतच होता. कोस्साला कोणत्याही गणिताने फायदा झाला नाही. तो फेरारा सोडून बोलोन्याला गेला, तिथे त्याला कामे मिळाली आणि तिथेच तो वारला. बोर्सोला एप्रिल १४७१ मध्ये पोपने फेराराचा ड्यूक केले. ज्या पदासाठी एवढा थाट मांडला होता ते मिळाल्यावर चार महिन्यांत, ऑगस्टमध्ये तोही गेला.

कोस्साचे पत्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दप्तरात सापडले. तोवर ही चित्रे फेराराचा दुसरा नामांकित चित्रकार कोस्मे तुरा याच्या नावावर सांगितली जात. मजुरीची तक्रार केली नसती तर चित्रकाराचे नाव आपल्याला कळले नसते.

ओल्या गिलाव्याबद्दल कोस्सा काय म्हणत होता तेही इथे सांगायला हवे. चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावायचा. गिलावा सुकताना चुना हवा खाऊन पुन्हा दगड होतो आणि रंग त्या दगडाच्या आत राहतो. पण गिलावा सुकायच्या आत काम उरकावे लागते. म्हणून दिवसभरात होईल तेवढाच तुकडा सकाळी लिंपतात आणि चुकले तर खरवडून पुन्हा. सुकल्या भिंतीवर डिंकात किंवा अंड्यात रंग कालवून काढणे सोपे आणि स्वस्त. अजिंठ्याची चित्रेही सुकल्या गिलाव्यावरची आहेत आणि ती जपताना काय कष्ट पडतात हे आपण जाणतो. स्किफानोइयाच्या दालनात पूर्वेच्या आणि उत्तरेच्या भिंती ओल्या कामाच्या. उरलेल्या दोन सुक्या कामाच्या. मजुरी चारही भिंतींना दहा बोलोनिनी.

तंबाखूच्या कारखान्यातून आणि चुन्याच्या थरांखालून काय बाहेर आले ते आज दालनात उभे राहिल्यावर दिसते. पूर्वेला काळ्या माणसाच्या बोटांतला दोर मोजता येतो. दक्षिणेच्या भिंतीवर, जिथे जानेवारी आणि फेब्रुवारी होते, पिवळट गिलावा आणि थोड्या पुसट आकृती. पश्चिमेलाही तेच.

आजोबांनी मांडलेल्या पत्रिकेप्रमाणे माझी रास कुंभ, पहिला द्रेष्काण. कुंभ जानेवारीत येते. मी त्या भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिलो. रखवालदाराला वाटले मी वाट चुकलो; त्याने हाताने खूण करून मला चित्रे असलेल्या बाजूला वळवले.